साक्षीदार नसलेली उपासना

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ भरते आणि मीही उभे आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवले, त्यामुळे इथे बोलताना आपल्या माणसांत आल्यासारखे वाटते. दुसऱ्याचा धर्म मन लावून समजून घेणारी माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. साने गुरुजींनी मराठी वाचकांसाठी 'इस्लामी संस्कृती' लिहिली. विनोबा अरबी शिकले, कुराण मुळातून वाचले आणि त्यातल्या निवडक आयतींचे 'कुराण-सार' त्यांनी सिद्ध केले. मला दिलेला विषय आहे 'रमजानचे रोजे आणि आत्मशुद्धी'. विषय अफाट आहे. मी त्यातला एकच धागा धरणार आहे. रोजा कोणाला दिसत नाही, आणि माणूस आतून बदलत असेल तर तो या न दिसण्यामुळेच बदलतो, असे मला वाटते.

मालेगावातला एखादा यंत्रमाग कामगार डोळ्यांसमोर आणा. 2018 साली रमजान मे महिन्याच्या मध्यावर सुरू झाला होता. वर तापलेला पत्रा, मागांचा खडखडाट, हवेत उडणारे सुताचे तंतू, आणि पाळी बारा तासांची. दुपारी जोहरच्या नमाजसाठी तो मशिदीच्या हौदावर वजू, म्हणजे नमाजआधीचे हातपाय-तोंड धुणे, करायला बसतो. आधी मनगटापर्यंत हात धुतो, मग तीन वेळा चूळ भरतो. पहाटे चारच्या सुमारास सहेरीचे खाणे उरकले, त्यानंतर त्याच्या घशाखाली थेंब गेलेला नाही. आता गार पाणी जिभेवर आहे, हिरड्यांना लागते आहे. त्यातला एक घोट आत गेला तर शेजारी बसलेल्याला कळणार नाही, घरी बायकोला कळणार नाही, इमामांना तर मुळीच नाही. तो पाणी थुंकून टाकतो. दुसरी चूळ भरतो, तीही टाकतो. एरवी चूळ भरताना पाणी घशापर्यंत खुळखुळवावे असे सांगितलेले आहे. रोजा असेल तर तेवढे करू नये, अशी सूचना फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही त्या क्षणाची कल्पना होती. तरीही त्यांनी चूळ बंद केली नाही. तहानलेल्या माणसाच्या तोंडात दिवसातून अनेक वेळा पाणी जाऊ दिले आणि पुढचे त्याच्यावर सोपवले.

इस्लाममधल्या बाकीच्या उपासना दिसतात. नमाज रांगेत उभे राहून पढतात. हजहून आलेल्या माणसाला गाव 'हाजीसाहेब' म्हणू लागते. जकात देणारा लपून देईल, पण घेणाऱ्याला तरी ती कळते. रोज्यात मात्र करायचे असे काही नाही. जे आहे ते न करणे आहे. खायचे नाही, प्यायचे नाही, पतिपत्नींनी दिवसा एकत्र यायचे नाही. न केलेली गोष्ट कोणी पाहू शकत नाही. एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांकडून आलेले वचन, आहे. तिचा आशय असा, की माणसाचे इतर प्रत्येक सत्कर्म त्याचे स्वतःचे असते, रोजा मात्र माझा आहे आणि त्याचे फळ मीच देईन, असे ईश्वर म्हणतो. रोजाच का? धर्मपंडित इमाम गझालींनी याचे जे कारण दिले ते मला फार पटते. रोजा मुळातच गुपित आहे, त्यात डोळ्यांना दिसेल अशी कृती नाही, म्हणून तो फक्त ईश्वराच्या नजरेत राहतो.

आता याच्या उलट बाजूला चंद्र ठेवून पाहा. रमजान सुरू झाला हे ठरवायला साक्षीदार लागतो. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या 29 तारखेला संध्याकाळी माणसे गच्चीवर, टेकडीवर, समुद्रकाठी जातात. आकाश ढगाळ असेल तर रमजानच्या चंद्राला एका विश्वासू माणसाची साक्ष पुरते. ईदच्या चंद्राला मात्र दोघांची लागते. जबाबदारी अंगावर घ्यायला एकाचा शब्द चालतो, ती उतरवून ठेवायला चालत नाही. आमच्या कोकणात या चंद्राची आणखी एक गोष्ट आहे. दापोली, खेड, चिपळूणकडच्या मुस्लिम घरांतले पुरुष दोन-तीन पिढ्या आखाती देशांत नोकरीला आहेत, आणि तिकडे चंद्र बहुधा आपल्या एक दिवस आधी दिसतो. नवऱ्याचा पहिला रोजा असतो तेव्हा बायको इथे शाबानच्या शेवटच्या दिवसाचे जेवण रांधत असते, आणि तिचा शेवटचा रोजा असतो तेव्हा तो तिकडे ईद करून मोकळा झालेला असतो. महिन्याच्या दोन्ही टोकांना साक्षी, पुरावे, वाद, समित्या, सगळे आहे. मधले तीस-एकोणतीस दिवस कोणाचीही साक्ष नाही.

हा महिना वर्षभर फिरतो, हेही इथेच सांगून टाकते. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, सौरवर्षाहून साधारण 11 दिवसांनी लहान. आपल्या पंचांगात अधिक मास घालून हा फरक भरून काढतात, म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. इस्लामपूर्व अरबांकडेही महिने पुढे ढकलण्याची पद्धत होती. कुराणाने ती बंद केली. त्यामुळे रमजान साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. 2030 मध्ये तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. मुंबईत डिसेंबरचा रोजा सव्वाबारा तासांच्या आसपास असतो, जूनचा पावणेपंधरा तासांच्या जवळ जातो. वयात आल्यावर रोजे धरू लागलेला माणूस पंचेचाळिशीला येईपर्यंत थंडी, पाऊस, वैशाख सगळ्यांत उपाशी राहून झालेला असतो. सवयीचा आधार घ्यायची सोय यात ठेवलेली नाही.

रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन 2 मध्ये, म्हणजे इसवी सन 624 मध्ये, मदिनेत. पैगंबर मुहंमद (स.) मक्का सोडून तिथे आले होते त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत 183 पासून 187 पर्यंतच्या आयतींत हा सगळा विषय आहे. पहिल्याच आयतीत सांगितले आहे की उपवास तुमच्या आधीच्या लोकांनाही लावून दिलेला होता. मदिनेतले ज्यू दहाव्या मोहरमला उपवास करत आणि पैगंबरांनीही तो धरला होता. म्हणजे आम्ही काही तरी नवे आणले, असा दावाच नाही. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण एकादशी करणाऱ्या, पर्युषण पाळणाऱ्या, वसईत आणि गोव्यात लेंट पाळणाऱ्या माणसांमध्ये बसून मी हे बोलते आहे.

पण या आयतींमागे जी माणसे आहेत, त्यांच्याकडे आपले लक्ष कमी जाते. सुरुवातीला नियम आजच्यापेक्षा कडक होता. सूर्यास्तानंतर रोजा सोडायचा, पण एकदा डोळा लागला की पुढच्या संध्याकाळपर्यंत काही खाता येत नसे. कैस बिन सिरमा नावाचे एक अन्सारी, म्हणजे मूळ मदिनेचे रहिवासी, होते, दिवसभर मेहनत करून खाणारे. एका संध्याकाळी ते घरी आले आणि बायकोला विचारले, काही खायला आहे का. घरात काही नव्हते. ती म्हणाली, थांबा, कुठून तरी घेऊन येते. ती परत येईपर्यंत दमलेल्या माणसाचा डोळा लागला. तिने त्यांना झोपलेले पाहिले आणि हळहळली. नियमाप्रमाणे आता खाणे नाही. दुसऱ्या दिवशी ते तसेच कामावर गेले आणि भर दुपारी बेशुद्ध होऊन पडले. ही गोष्ट पैगंबरांच्या कानावर गेली. त्यानंतर 187 वी आयत आली आणि पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खाण्यापिण्याची मुभा मिळाली.

याच आयतीत एक कबुलीही नोंदवलेली आहे. रात्री बायकोजवळ जायला बंदी होती तेव्हा काही जणांना ती पाळता आली नाही आणि त्यांनी ते मनात दडवले. आयतीचा आशय असा, की तुम्ही स्वतःशीच दगा करत होतात हे ईश्वराला ठाऊक होते, त्याने तुम्हाला माफ केले, आता नियम हलका केला आहे. मला यात मोठी करुणा दिसते. लपूनछपून मोडणारी माणसे पकडण्याची यंत्रणा उभी करता आली असती. तसे झाले नाही. माणसाच्या ताकदीला झेपेल इतका नियम खाली आणला आणि मग तो एकट्याच्या हाती दिला.

आणि या सगळ्या नियमांच्या मधोमध, 186 वी म्हणून, अशी एक आयत आहे की तिच्यात उपवासाचा उल्लेखच नाही. आजारी, प्रवासी, पहाट, रात्र असे चालू असताना विषय एकदम थांबतो आणि पैगंबरांना सांगितले जाते, की माझे भक्त तुला माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याची हाक मी ऐकतो. पुढच्या आयतीत पुन्हा नियम सुरू. लहानपणी ही आयत इथे का, असा प्रश्न मला पडत असे. आता वाटते, दुसरीकडे ती इतकी शोभली नसती. जो माणूस तोंडात आलेले पाणी कोणी पाहत नसताना टाकून देतो, त्याने 'जवळ कोण आहे' या प्रश्नाचे उत्तर कृतीनेच दिलेले असते.

हदीसमधली एक घटना मी माझ्या वर्गातल्या मुलांना अनेकदा सांगितली आहे, तीच तुम्हालाही सांगते. एक माणूस पैगंबरांकडे आला आणि म्हणाला, मी बुडालो. काय झाले, असे विचारल्यावर त्याने सांगितले, रोज्यात दिवसा मी बायकोजवळ गेलो. त्याला कोणी पाहिले नव्हते, कोणी तक्रार केली नव्हती. पैगंबरांनी विचारले, एखादा गुलाम मुक्त करता येईल? नाही. सलग दोन महिने रोजे धरता येतील? नाही. साठ गरिबांना जेवू घालता येईल? तेही नाही. तो तिथेच बसून राहिला. तेवढ्यात कोणी तरी खजुरांची मोठी टोपली आणून दिली. पैगंबर म्हणाले, ही घे आणि दान कर. तो म्हणाला, माझ्यापेक्षा गरिबाला देऊ? या मदिनेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्या घराहून गरीब घर नाही. पैगंबर इतके हसले की त्यांचे सुळे दिसले, असे सांगणाऱ्याने सांगितले आहे. मग म्हणाले, जा, घरच्यांनाच खाऊ घाल.

या गोष्टीतल्या सवलतीवर फिकहच्या पंडितांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. माझे मन दर वेळी अडते ते त्या माणसाच्या आपण होऊन येण्यापाशी. शिक्षा टाळायला गप्प बसणे पुरेसे होते. तो गप्प बसू शकला नाही, आणि त्याला हसू मिळाले, खजूर मिळाले. माणसाचे नवे होणे म्हणून जे आपण म्हणतो ते मला या प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके चमत्काराच्या कथांत दिसत नाही.

रोज्याच्या बाबतीत पैगंबरांनी मुद्दाम चारचौघांना दाखवून केलेली एक गोष्ट मात्र आहे. हिजरी सन 8 च्या रमजानमध्ये ते मोठे सैन्य घेऊन मक्केकडे निघाले होते. लोक रोज्यात होते आणि प्रवासाने हैराण झाले होते. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर पैगंबरांनी पाण्याचा प्याला मागवला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरला आणि पाणी प्याले. तरीही काही जण रोजा धरून राहिले. ते कळल्यावर पैगंबर त्यांच्यावर नाराज झाले. रोजा धरला हे त्यांनी लोकांना दाखवले नाही. सोडला, तो दाखवून सोडला, म्हणजे थकलेल्या माणसाला सोडताना संकोच वाटणार नाही.

आता मी आमच्या घरांकडे, बायकांकडे येते. मासिक पाळीत बाईने रोजा धरायचा नाही. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला सवलत आहे, आजाऱ्याला आहे, प्रवाशाला आहे. ज्याचा आजार बरा होणारा नाही किंवा वयामुळे ज्याला झेपणारच नाही, त्याने एकेका रोज्यापोटी एका गरिबाला जेवू घालायचे. सगळे लिहून ठेवलेले आहे. आणि तरीही आमच्या घराघरांतून बाया त्या दिवसांत लपून खातात. स्वयंपाकघराचे दार लोटून, ओट्याकडे तोंड करून, सहेरीची उरलेली भाकरी उभ्या उभ्या. दीर आला, सासरा आला, मोठा मुलगा आला की घास तोंडात धरून भांड्यांशी खुडबुड करतात. काही जणी तर सहेरीला सगळ्यांबरोबर उठतात, इफ्तारला सगळ्यांबरोबर खजूर उचलतात आणि मधला दिवस निव्वळ लाजेपोटी उपाशी काढतात. हा रोजा होत नाही. ईश्वराने दिलेली सूट घरातल्या माणसांच्या भीतीने तिला घेता येत नाही. जी उपासना माणसांच्या नजरेतून सोडवण्यासाठी होती, ती आम्ही बाईच्या बाबतीत पुन्हा नजरेच्या ताब्यात दिली. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. घरातल्या पुरुषांनी एवढेच करावे, की आज तुझा रोजा आहे का, हा प्रश्न विचारू नये.

मधुमेह असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचेही तसेच. डॉक्टर नको म्हणतात, मुले नको म्हणतात, आणि हे मात्र इन्सुलिन घेऊन रोजा रेटतात, कारण मशिदीत काय सांगणार! त्यांना मी 185 वी आयत दाखवते. तुमच्यासाठी सोपे व्हावे अशी ईश्वराची इच्छा आहे, तुमची कोंडी व्हावी अशी नाही, हा तिचा आशय आहे. रोज्याने वजन उतरते, पेशी ताज्या होतात, असे संदेश हल्ली मोबाइलवर खूप फिरतात. त्यावर मी वेळ घालवणार नाही. तब्येतीसाठी उपाशी राहायचे असेल तर त्याला रमजान लागत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या बाईचा विचार जुन्या पंडितांनी केलेला आहे, हे सांगितले पाहिजे. दिवसभर उपाशी राहून पंधरा माणसांचे जेवण करायचे आणि मीठ चाखायचे नाही! हनफी पंथाच्या ग्रंथांत याची चर्चा आहे. एरवी चाखणे बरे नाही, पण नवरा तापट असेल तर बाईने जिभेच्या टोकावर घेऊन पाहावे आणि थुंकून टाकावे, त्याने रोजा तुटत नाही. कोण्या फकीहाने, धर्मशास्त्रकाराने, हे लिहिताना आपल्या आसपासच्या स्वयंपाकघरांत नीट पाहिलेले असणार.

गझालींचे नाव मघाशी घेतले. त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने बोलते, कारण रोज्याच्या आतल्या बाजूबद्दल त्यांच्याइतके खोल जाऊन लिहिणारे फार थोडे. जन्म 1058 चा, खुरासानातल्या तूसचा. 1091 मध्ये ते बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले. इस्लामी जगात त्याहून मोठी विद्येची जागा तेव्हा नव्हती. समोर तीनशे विद्यार्थी बसत. आणि 1095 मध्ये एके दिवशी शिकवायला उभे राहिले तर तोंडातून शब्द फुटेना. घास गिळवेना. वैद्यांनी हात टेकले. त्यांनी स्वतःच्या चरित्रात कारण स्पष्ट लिहिले आहे. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी की नाव व्हावे म्हणून, हा प्रश्न त्यांना कित्येक महिने पोखरत होता आणि उत्तर त्यांना माहीत होते. त्यांनी पद सोडले, घरादाराची तजवीज केली आणि दमास्कसला गेले. तिथल्या उमय्या मशिदीच्या मिनारात चढून दिवस दिवस दार आतून लावून बसत. ज्या माणसाची तीनशे जोडी डोळ्यांनी अशी घुसमट झाली होती, त्याला रोज्याचे गुपित असणे उमगावे यात नवल नाही.

पुढे लिहिलेल्या 'इह्या उलूमुद्दीन' या महाग्रंथाचा सहावा भाग रोज्याच्या रहस्यांवर आहे. तिथे ते तीन पायऱ्या सांगतात. पहिली पोटाची आणि वासनेची. ती सर्वसामान्यांची. दुसरीत डोळा, कान, जीभ, हात, पाय यांचाही रोजा. खोटे बोलणे, चहाडी करणे, वाईटाकडे पाहणे आणि ऐकणे हे सगळे उपवासात धरायचे. तिसऱ्या पायरीवर मनाचा रोजा, ईश्वराखेरीज कशाचाही विचार न शिरू देण्याचा. ती पैगंबरांची आणि संतांची, माझ्यासारखीने तिच्याबद्दल बोलू नये. दुसऱ्या पायरीपाशीच आपली परीक्षा आहे. जो खोटे बोलणे सोडत नाही त्याच्या अन्नपाणी सोडण्याची ईश्वराला काही गरज नाही, या अर्थाची हदीस प्रसिद्ध आहे. पाणी थुंकता येते. दुपारी तीनला, पोटात आग पडलेली असताना, शेजारणीबद्दल जिभेवर आलेले वाक्य परत गिळणे कितीतरी अवघड. तेही कोणाला दिसत नाही.

गझालींनी आणखी एक तक्रार केली आहे आणि ती नऊशे वर्षांनंतर जशीच्या तशी लागू पडते. लोक रमजानसाठी अन्नाचे साठे करतात आणि एरवी कित्येक महिन्यांत खाल्ले नसते इतके त्या महिन्यात खातात, असे ते म्हणतात. दिवसा न खाल्लेले रात्री भरून काढले तर वासना थकायची कशी? उलट उपाशी ठेवून तिची भूक वाढवली आणि मग तिला मेजवानी दिली, असे होते. आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणतात ते हेच. मुंबईत महंमद अली रोडला मिनारा मशिदीच्या गल्लीत रमजानच्या रात्री जी गर्दी उसळते तिचा मला राग नाही. मालपुवा मीही खाल्ला आहे, आणि सगळ्या धर्मांची माणसे तिथे एका बाकावर बसतात हे मला मनापासून आवडते. पण रमजान म्हणजे ती गल्ली, एवढेच चित्र टीव्हीवरून आणि वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचते. दिवसाचे चित्र काढता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

इफ्तार पार्ट्यांविषयी माझे मत इतके सौम्य नाही. रोजा नसलेले पुढारी, रोजा असलेले कार्यकर्ते, डोक्यावर दोन तासांसाठी चढलेली टोपी आणि खजूर तोंडाशी नेताना थांबलेला हात, कारण छायाचित्रकाराची तयारी व्हायची आहे. इकडे सूर्यास्ताची, मगरीबची अजान होऊन गेलेली असते! सूर्य मावळताच रोजा सोडायला उशीर करू नये, ही पैगंबरांची ताकीद. त्याच पंगतीत ती मोडते. आणि हे पुढाऱ्यांवर ढकलून चालणार नाही. आमच्याच तरुण मंडळांची रमजान किट वाटप पाहा. पाच किलो तांदूळ, डाळ, तेल, साखर आणि खजुरांचा डबा घ्यायला आलेल्या बाईला बॅनरसमोर उभे करतात. ती पदराने तोंड झाकते, तर पदर बाजूला घ्या म्हणतात. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे शिकवणाऱ्या पैगंबरांचे नाव त्याच बॅनरवर छापलेले असते. मुलांचा हेतू वाईट नसतो, मला माहीत आहे. हिशेब दाखवावा लागतो, पुढच्या वर्षी देणगी मिळवायची असते. पण पावती ठेवा, यादी ठेवा. त्या बाईचा चेहरा कशाला?

दानाचे मूळ रूप किती नाजूक आहे ते फितऱ्यावरून, म्हणजे ईदआधी द्यायच्या धान्याच्या दानावरून, कळते. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्याकडे फितरा द्यायचा तो त्या मुलखाचे जे मुख्य अन्न असेल त्याचा, म्हणजे तांदळाचा. माणशी एक साअ. साअ म्हणजे मध्यम अंगाच्या माणसाच्या चार ओंजळी, अडीच किलोच्या आसपास. घरात जितकी माणसे तितके साअ, तान्ह्या मुलाच्या नावानेही. ईदच्या नमाजआधी तो पोहोचवायचा, म्हणजे ईदच्या सकाळी कोणाची चूल थंड राहू नये. जकात देणारा पैसेवाला असावा लागतो. ठरावीक संपत्ती वर्षभर हाती राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा. शाफई मतात फितऱ्याला अशी अट नाही. ईदच्या दिवसरात्रीपुरते भागवून ज्याच्याकडे काही उरते त्या प्रत्येकाने द्यायचा. त्यामुळे असे होते, की एखाद्या विधवेकडे तीन घरांतून तांदूळ येतो आणि त्यातलाच साअभर तांदूळ मोजून ती स्वतःचा फितरा दुसऱ्या कोणाला तरी देते. घेणारी म्हणून तिचा दिवस सुरू झाला आणि देणारी म्हणून ती ईदच्या नमाजला उभी राहिली. महिनाभर सगळ्यांनी सारखी भूक सोसली. शेवटी देण्याचा हक्कही सगळ्यांना मिळाला. माझ्या पाहण्यातल्या धार्मिक नियमांमध्ये याहून सुंदर नियम मला माहीत नाही.

ईद होते, शीरखुर्म्याची भांडी घासून होतात, आणि पुरुषांचा रमजान संपतो. बायकांचा संपत नाही. पाच, सहा, सात रोजे प्रत्येकीच्या अंगावर उरलेले असतात. कजा रोजे. पुढचा रमजान यायच्या आत ते भरायचे. आता सहेरीला घरात कोणी उठत नाही. मशिदीतून कोणी जागे करत नाही. तिचा डबा तीच करते, सगळ्यांची न्याहारी तीच वाढते, दुपारी पाहुणे आले तर चहा करून देते आणि स्वतः का घेत नाही याचे काही तरी कारण सांगते. मगरीबला खजुरांचे ताट मांडलेले नसते. भाजी चिरता चिरता ती ओट्यावरच्या तांब्यातून दोन घोट पाणी पिते आणि पुन्हा विळीवर बसते. रमजानमध्ये आजूबाजूला सगळे उपाशी असतात त्याचा आधार असतो. इथे तोही नाही. मी मघापासून ज्या गुपिताबद्दल बोलते आहे ते पूर्णपणे कुठे पाळले जात असेल तर या रोज्यांत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितले आहे की त्यांच्यावर राहिलेले रमजानचे रोजे त्यांना शाबानपर्यंत धरायला जमत नसे. शाबान म्हणजे रमजानच्या आधीचा महिना. पैगंबरांच्या घरातही बाईचे कजा रोजे वर्षभर मागे पडत होते आणि शेवटच्या महिन्यात ती ते एकेक करून भरत होती. यंदाच्या शाबानमध्ये तुमच्या शेजारची, तुमच्या ऑफिसातली, तुमच्या मुलांना शिकवणारी एखादी बाई चहाला नको म्हणाली, तर आग्रह करू नका.